दहा उंट आणि एक घागर

(उत्पत्ति २४ : १०-२० हा भाग प्रथम वाचावा.)



ह्या अध्यायाच्या दहाव्या वचनांत अब्राहामाचा सेवक दहा उंट घेऊन निघतो, आणि त्याच वचनांत तो नाहोराच्या नगरास पोहोंचतोही. मधल्या वाटेविषयीं शास्त्रानें कांहीं लिहिलेलें नाहीं. आपण हा अध्याय बहुधा लग्नाच्या वेळीं वाचतों, आणि रिबकेच्या नथीपाशीं व कांकणांपाशीं लवकर जाऊन थांबतों. त्यामुळें ती वाट आपल्याही नजरेंतून सुटते. म्हणून आज आपण प्रथम त्या वाटेनें थोडें चालूं या.

अब्राहाम कनानाच्या दक्षिण भागांत राहत होता. नाहोराचें नगर हारानाच्या आसपास होतें असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. आणि हारान हें स्थळ आज तुर्कस्थानच्या दक्षिणेस, सीरियाच्या सरहद्दीजवळ आहे. हेब्रोनापासून तेथपर्यंत वाटेनें सुमारें ८०० किलोमीटर अंतर भरतें. लादलेला उंट दिवसाकाठीं ३० ते ४० किलोमीटर चालतो. म्हणजे कोठेंही लांबचा मुक्काम न करितां हा तीन-चार आठवड्यांचा प्रवास झाला. उत्तरेस जाणाऱ्या वाटसरूच्या उजव्या हातास सीरियाचें रुक्ष वाळवंट पसरलेलें असतें. अशा मुलखांत मनुष्य गांवांवरून वाट मोजीत नाहीं, पाणवठ्यांवरून मोजतो. आजचें पाणी कोठें, आणि उद्यांचें कोठें, हाच त्याचा हिशेब.

आपल्या खेड्यांतील लोकांस बैलाची ओळख आहे तशी उंटाची नाहीं. जत्रेंत मुलांस पाठीवर बसवून फिरविणारा उंट पुष्कळांनीं पाहिला असेल. विदर्भांतील आपल्या बंधूंनीं कच्छकडील रबारी लोक मेंढ्यांचे कळप घेऊन जातांना पाहिले असतील; त्यांच्या उंटांवर खाट, भांडीं, कोंकरें, कधीं लहान मूलही, असा सारा संसार बांधलेला असतो. ह्या प्राण्याची घडण पाहिली म्हणजे निर्माणकर्त्याच्या ज्ञानापुढें मस्तक लवतें. उंटाच्या मदारींत पाणी असतें असें लोक समजतात, तें खरें नव्हे. मदारींत चरबी असते, आणि चारा मिळाला नाहीं म्हणजे तीच त्याची शिदोरी होते. तहानेस तो निराळ्या रीतीनें तोंड देतो. तहानेलेल्या उंटाचें अंग पहाटे सुमारें ३४ अंशांपर्यंत थंड होतें आणि दुपारीं ४० अंशांपर्यंत तापूं शकतें. त्यामुळें घाम गाळून अंग निवविण्यांत त्याचें पाणी फार थोडें खर्च होतें. क्नुट श्मिट-नील्सन नांवाच्या शास्त्रज्ञानें १९५३-५४ सालीं सहारा वाळवंटांत राहून हें सर्व मोजून पाहिलें. अंगाच्या वजनाचा चौथा हिस्सा पाण्यापायीं घटला तरी उंट चालत राहतो. परंतु हें सारें ऋण असतें. पाणवठा आला म्हणजे तो तें एकदम फेडून घेतो. फार तहानेलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत १०० लिटर पाणी पिऊं शकतो.

आतां विहिरीपाशीं या.

संध्याकाळची वेळ आहे. स्त्रिया पाण्यास निघाल्या आहेत. सेवकानें आपले उंट गुडघे टेकून बसविले आहेत, आणि तो प्रार्थना करीत आहे. तो देवापाशीं काय खूण मागतो पाहा. आकाशांत तारा दिसावा असें तो म्हणत नाहीं. ज्या मुलीपाशीं मी प्यावयास पाणी मागेन, आणि जी मला तर देईलच, परंतु माझ्या उंटांसही पाजण्याचें आपण होऊन बोलेल, तीच माझ्या धन्याच्या पुत्रासाठीं तूं नेमिलेली असो, अशी त्याची मागणी आहे. सेवक वाटेनें आलेला होता. उंटास पाणी पाजणें म्हणजे काय, हें त्यास ठाऊक होतें. ज्या घरांत ही मुलगी नांदणार त्या घरास कोणत्या मनाची सून पाहिजे, हेंही त्यास ठाऊक होतें.

रिबका आली. ती झऱ्यापर्यंत खालीं उतरली, घागर भरून वर आली, आणि ह्या अनोळखी वाटसरूस तिनें पाणी दिलें. मग तिनें उंटांचें नांव काढलें, आणि त्यांचें पिणें पुरें होईपर्यंत ओढीन असें म्हटलें.

बहिणींनो, हा हिशेब तुम्हांस पुरुषांपेक्षां अधिक चांगला समजेल. उंट फारसे तहानेलेले नव्हते असें समजा, आणि प्रत्येकानें ६० लिटरच पाणी घेतलें असें धरा. दहा उंटांचें ६०० लिटर झालें. घागरींत १२ लिटर मावतें असें धरलें तर ५० खेपा झाल्या. प्रत्येक खेपेस खालीं उतरणें, वांकून भरणें, खांद्यावर घेऊन चढणें, डोणींत ओतणें. आणि ती चालत गेली असें शास्त्र म्हणत नाहीं. ती धांवली असें म्हणतें. त्या सेवकाबरोबर दुसरीं माणसेंही होतीं, हें बत्तिसाव्या वचनावरून कळतें. तीं उभीं होतीं, आणि ही मुलगी एकटी पाणी ओढीत होती. “तुमचे हात काय करितात?” असें तिनें त्यांस विचारल्याचें लिहिलेलें नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत धरा. सोन्याची नथ व कांकणें तिला कधीं मिळालीं? उंटांचें पिणें झाल्यावर. घागर उतरतांना तिला हा मनुष्य कोणाचा, त्याच्या गांठोड्यांत काय आहे, कांहींच माहीत नव्हतें. तिच्यापुढें धुळीनें माखलेला एक म्हातारा परदेशी होता, आणि तहानेलीं मुकीं जनावरें होतीं. तेवढें तिला पुरें झालें.

दुसऱ्या एका वाळवंटांतील गोष्ट आतां तुम्हांस सांगतों. ती आपल्या काळाजवळची आहे.

अरबस्थानच्या दक्षिणेस रुब-अल-खाली नांवाचें वाळूचें अरण्य आहे. त्याचा विस्तार सुमारें साडेसहा लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. १९४६ सालच्या अखेरीस विल्फ्रेड थेसिजर नांवाचा एक इंग्रज प्रवासी चार बेदुईन अरबांसह हें वाळवंट ओलांडावयास निघाला. त्या चौघांत सालिम बिन कबीना नांवाचा एक कोवळ्या वयाचा तरुण होता. वाळूच्या टेकड्या शेंकडों फूट उंच. त्यांवर उंटास बसून जातां येत नसे, म्हणून ते उतरून, उंटांस पुढें ओढीत, धीर देत, पायीं चढत. पाणी बकऱ्याच्या कातडी पखालींत होतें, आणि त्या पखाली झिरपत. चालतांना वाळूवर पडणारा एकेक थेंब सर्वांस दिसे. दिवसाकाठीं मोजके घोट आणि मूठभर पिठाची भाकर, एवढ्यावर ते सुमारें दोन आठवडे चालले. कित्येक विहिरींचें पाणी इतकें खारट असतें कीं तें उंटांनींच प्यावें; माणसें उंटिणीचें दूध पिऊन राहत.

त्या लोकांची एक रीत होती. वाळवंटांत पाण्यापाशीं पोहोंचलेला मनुष्य मागें राहिलेला सोबती येईपर्यंत पाणी तोंडास लावीत नसे. घसा कोरडा पडलेला असो, विहीर समोर असो, तो थांबे.

आतां ऐका. बहुत दिवस पोटभर अन्न मिळालें नव्हतें, अशा वेळीं त्यांच्यांतील एकानें वाटेंत बिळांत हात घालून एक ससा धरला. सर्वांस किती आनंद झाला असेल! तो कसा शिजवावा ह्याविषयीं त्यांचा वादविवाद चालला. शेवटीं ससा शिजला, वास दरवळला, आणि ते जेवावयास बसणार, इतक्यांत वाळूवरून तीन माणसें त्यांच्याकडे येतांना दिसलीं. पाहुणे! बिन कबीनाच्या तोंडून दुःखाचा उद्गार निघाला, असें थेसिजरानें लिहून ठेविलें आहे. परंतु पाहुणे जवळ आले तेव्हां तेच चौघे उठून उभे राहिले, त्यांनीं त्यांस बसविलें, आणि ससा व भाकर सर्व त्यांच्यापुढें ठेविली. पाहुण्यांनीं आग्रह केला कीं तुम्हीही बसा. तेव्हां ह्यांनीं सांगितलें कीं तुम्ही आमचे पाहुणे आहां, देवानेंच आज तुम्हांस आमच्याकडे आणिलें आहे. पाहुणे जेवले. यजमानांच्या वांट्यास मागाहून थोडे चिकट खजूर आले. थेसिजर आपल्याविषयीं प्रामाणिकपणें कबूल करतो कीं सोबत्यांबरोबर तोही गोड शब्द बोलला, पण आंतून त्याचें मन त्या पाहुण्यांवर जळत होतें.

बंधूंनो, हे बेदुईन मुसलमान होते. ज्या परक्या मनुष्यास त्यांनीं आपल्या संगतींत घेतलें, आपल्या पखालींतील पाणी दिलें, आणि जिवास जीव देऊन पार नेलें, तो ख्रिस्ती म्हणविणारा होता. त्या भागांत कित्येक लोकांस ख्रिस्ती मनुष्याचें येणें सहन होणारें नव्हतें, हें त्यांस ठाऊक होतें. अतिथीस विसरूं नका, कारण असें करितांना कित्येकांनीं नकळत देवदूतांचा पाहुणचार केला, हा बोध इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत आपणांस दिलेला आहे. तो आपण पाठ म्हणतों. त्यांनीं तो उपाशीपोटीं पाळला.

दुसऱ्यांस उपदेश करणाऱ्यानें स्वतःचीही झडती द्यावी. म्हणून मी माझी एक गोष्ट सांगतों. ती सांगण्यास मला लाज वाटते.

२०१६ सालचा उन्हाळा मराठवाड्यांतील कोणास विसरतां येणार नाहीं. त्या वर्षीं मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें. मी तेव्हां एका लहान मंडळींत उपदेशक होतों. आमच्या वस्तीवर तीन दिवसांआड टँकर येई, आणि तो प्रार्थनामंदिराच्या आवारापाशीं उभा राही. माझें घर जवळ. शिवाय मी उपदेशक, म्हणून कोणी न सांगतांही माझ्या पिंपांची जागा ओळींत पहिली असे. लोक मान देत होते, आणि मी तो घेत होतों. माझीं दोन पिंपें भरत, मग इतरांची भांडीं लागत.

एका शनिवारीं टँकर आला तो अर्धाच भरलेला. माझीं पिंपें नेहमींप्रमाणें प्रथम भरलीं. पाणी संपतां संपतां आमच्या मंडळींतील एक वयस्क विधवा बहीण शेताकडील वस्तीवरून डोकीवर हंडा घेऊन आली. दीड कोस उन्हांत चालून आलेली. नळी झटकून पाहिली, दोन-चार थेंब पडले. तिनें हंडा उचलला. मी म्हणालों, “मावशी, आज उशीर झाला.” ती म्हणाली, “असूं द्या, मास्तर.” आणि ती परत फिरली. मी घरांत आलों. दुसऱ्या दिवशींचा उपदेश मला तयार करावयाचा होता. त्याचें वचन योहानाच्या चौथ्या अध्यायांतील होतें, याकोबाच्या विहिरीपाशीं प्रभूनें शोमरोनी स्त्रीशीं केलेलें जिवंत पाण्याविषयींचें भाषण.

लेखणी पुढें सरकेना. माझ्या दाराशीं दोन पिंपें भरलेलीं होतीं, आणि मी जिवंत पाण्याविषयीं लिहीत होतों. तरीही त्या रात्रीं मी उठलों नाहीं, हें खरें सांगितलें पाहिजे. ऊन फार होतें, मग अंधार झाला, उद्यां पाहूं असें मीं मनास सांगितलें. पहाटे मात्र राहवेना. सायकलीच्या दोन्ही बाजूंस कॅन बांधून मी तिच्या वस्तीवर गेलों. तिच्या दाराशीं हंडा भरलेला होता! मीं विचारलें, “मावशी, पाणी कोठून आलें?” तिनें शेजारच्या घराकडे हात केला. त्या घराचा आपल्या मंडळीशीं कांहीं संबंध नाहीं. आदल्या दिवशीं तिला रिकामा हंडा घेऊन येतांना त्या घरच्या बाईनें पाहिलें होतें, आणि कांहीं न विचारतां आपल्या दोन हंड्यांतील एक तिच्या दाराशीं आणून ठेविला होता.

त्या बहिणीनें मला एकही कठोर शब्द बोलून दाखविला नाहीं. तिनें मला बसावयास घोंगडी दिली, आणि त्याच हंड्यांतलें पाणी तांब्यांत भरून मजपुढें ठेविलें. तें पाणी पितांना माझ्या घशाखालीं उतरेना.

त्या रविवारीं मीं योहानाच्या चौथ्या अध्यायावर उपदेश केला नाहीं. जें घडलें तें मंडळीपुढें सांगितलें. पुढच्या टँकरापासून वस्तीवरील सर्वांत लांबच्या घराचें भांडें पहिलें लागेल आणि उपदेशकाचें शेवटलें, असें आम्हीं ठरविलें. तें अगदीं सुरळीत चाललें असें नाहीं. भांडणें झालीं, एकदां माझीं पिंपें कोरडींच राहिलीं, तेव्हां माझ्या पत्नीनें मला दोन शब्द सुनावले, आणि ते योग्यच होते, कारण ठरविलें मीं आणि पाणी शोधीत हिंडावें लागलें तिला. परंतु पाऊस येईपर्यंत तो नेम मोडला नाहीं.

प्रिय मंडळी, आपल्यांतील पुष्कळांच्या आजोबा-आजींनीं सार्वजनिक विहिरीपासून दूर उभें राहून, कोणाच्या तरी मनांत दया येईल आणि तो आपल्या भांड्यांत वरून पाणी ओतील, अशी तासन् तास वाट पाहिलेली आहे. २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉक्टर आंबेडकरांनीं हजारों लोकांसह चवदार तळ्याचें पाणी प्यालें, तें ह्याच अन्यायाविरुद्ध. जे वाट पाहत उभे राहिले त्यांचीं आपण नातवंडें आहों. पाण्यापाशीं मागें राहिलेल्याचें दुःख आपणांस दुसऱ्या कोणीं शिकवावें लागूं नये. मग आपल्याच आवारांत, आपल्याच ओळींत, कोणी मागें राहिला तर आपण त्याच्यासाठीं थांबतों काय?

ह्या वचनांतून तीन गोष्टी आपण घरीं नेऊं या.

पहिली गोष्ट, मागें कोण राहिलें तें पाहा. पाणी असो, सरकारी धान्य असो, मंडळीच्या भोजनाची पंगत असो. आपलें भांडें पुढें करण्यापूर्वीं एकदां वळून पाहावें. म्हातारें, आजारी, बाळंतीण, लांबच्या वस्तीवरचा, हे नेहमीं उशीरां येतात. जो पाण्यापाशीं पहिला पोहोंचला त्यानें थांबावें, ही वाळवंटाची रीत आहे.

दुसरी गोष्ट, मागितलें तेवढ्यावर थांबूं नका. सेवकानें घोटभर पाणी मागितलें होतें. रिबकेनें त्याच्या जनावरांकडेही पाहिलें. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाकडे लक्ष देतो असें नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांत सांगितलें आहे. उन्हाळ्यांत दारापुढें डोणींत बादलीभर पाणी ठेवा; गांवचें वासरूं असो, परक्याची शेळी असो, पिऊन जावो.

तिसरी गोष्ट, पाहुणा कोण आहे हें विचारण्यापूर्वीं त्यास बसवा. त्याची जात, त्याचा पंथ, त्याच्याकडून काय मिळेल, हें सर्व मागाहून. एक पेला गार पाण्याचेंही प्रतिफळ चुकणार नाहीं, असें आपल्या प्रभूनें सांगितलें आहे; आणि तहानेलेला परका मीच होतों, असेंही तो त्या दिवशीं म्हणणार आहे.

शेवटीं रिबकेकडे पुन्हां एकदां पाहा. ज्या उंटांस तिनें त्या संध्याकाळीं पाणी पाजलें, त्यांवरच बसून ती आपल्या बापाच्या घरून निघाली. पुन्हां तीच ८०० किलोमीटरांची वाट, तेच दिवस मोजीत जाणें, आणि पुढें कधीं न पाहिलेलें घर. तिच्या घागरीचें पाणी ज्यांच्या पोटांत गेलें त्यांनींच तिला पार नेलें. नेगेब प्रदेशांत संध्याकाळीं इसहाक शेतांत फिरत होता. त्यानें दृष्टि वर केली तों उंट येतांना दिसले. आपलाही प्रवास एक दिवस असाच संपावयाचा आहे. तेव्हां आपल्या संगतीला कोण असेल? ज्यांस आपण वाटेंत पाणी दिलें ते असतील काय?

प्रार्थना : हे दयाळू देवबापा, रानांत हागारेस विहीर दाखविणारा तूंच आहेस. आमचीं भांडीं भरलेलीं असतां आम्हीं कितीजणांस रिकामे परत पाठविलें तें तुला ठाऊक आहे. त्याची आम्हांस क्षमा कर. पाण्यापाशीं थांबण्याचा धीर आम्हांस दे, आणि मागून येणाऱ्याची चाहूल ऐकणारे कान दे. प्रभु येशूच्या नांवानें मागतों. आमेन.